शेवटच्या रांगेतला प्रश्न

मंगलताई गेल्याची बातमी मंगलताईंच्याच नंबरवरून आली. मी सकाळी निगडीच्या बसस्टँडवर उभी होते. विद्यापीठातल्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांचं नाव दिसलं. शेजारी तो नेहमीचा फोटो: बांधावर उभ्या, डोक्यावर पदर, उन्हानं बारीक झालेले डोळे. मला वाटलं, रोजचंच असेल. त्या रोज सकाळी ग्रुपवर 'उठा, लिवा' एवढंच टाकायच्या. त्या दिवशी लिहिलं होतं, 'मंगल आपल्यात नाही. अंत्यविधी दुपारी, मोशी, नदीकाठी. बाळासाहेब.' बाळासाहेब म्हणजे त्यांचे मिस्टर. त्यांच्याकडे आमच्यापैकी कुणाचा नंबर नव्हता, म्हणून त्यांनी ताईंचाच फोन उघडून ताईंच्याच ग्रुपवर कळवलं. हे सगळं नंतर समजलं. तेव्हा मात्र कुणालाच काही कळेना. ग्रुपमधल्या सचिननं लिहिलं, 'ताई, असली मस्करी नको हां.' त्याच्या ओळीपुढे निळ्या खुणा झाल्या, म्हणजे पलीकडे ती वाचली गेली होती. उत्तर आलं नाही. बस आली आणि गेली, मी चढलेच नाही.

सकाळी त्या दळण घेऊन गिरणीत गेल्या होत्या. छातीत जळजळतंय म्हणाल्या, पित्त झालं असेल म्हणून तिथल्या बाकावर टेकल्या. दळण झालं, गिरणीवाल्यानं हाक मारली, त्या उठल्या नाहीत. वय चाळिशीच्या थोडं पुढचं. या गोष्टीला आता बरेच महिने झाले. त्यांचा नंबर ग्रुपमधून कुणी काढलेला नाही, काढायचा विषयही कुणी काढत नाही. अधूनमधून त्यांच्या नावाखाली 'ऑनलाइन' दिसतं. फोन आता त्यांची मुलगी श्रावणी वापरते हे मला माहीत आहे. तरी तो शब्द दिसला की मी हातातलं काम ठेवून स्क्रीनकडे बघत राहते. तो जाईपर्यंत...

आमच्या विद्यापीठात पदव्युत्तर आणि संशोधक विद्यार्थ्यांची एक संघटना आहे. मुख्य इमारतीच्या जिन्याखाली एक उतरत्या छताची खोली, तिच्यात एक टेबल, एक कपाट आणि उंच माणसानं डोकं सांभाळावं अशी सूचना. मंगलताई या संघटनेच्या सचिव होत्या. मी तिथं पहिल्यांदा गेले ती चुकून. ओळखपत्रावर माझा विषय चुकीचा छापला होता आणि कुणीतरी सांगितलं की जिन्याखाली विचारा. आत एक बाई बसून पेरू कापत होत्या. मला वाटलं ऑफिसातल्या कर्मचारी असतील. मी इंग्रजीत सुरुवात केली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पेरूची फोड पुढे केली आणि म्हणाल्या, "इंग्लिश मीडियम का? बरं झालं बाई, आमाला पायजेच व्हतं कुनीतरी. बस. आधी एक अर्ज लिव." माझं ओळखपत्र बदलून मिळालं, पण त्या दिवशी मी उठले ती संघटनेची सदस्य होऊनच.

तेव्हापासून संघटनेचे सगळे इंग्रजी अर्ज मी लिहायचे. बोलायचे मात्र नाही. बैठकीत कुणी माझं मत विचारलं की माझ्या डोक्यात वाक्य इंग्रजीत तयार व्हायचं, त्याचं मराठी होईपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. आणि खरं सांगायचं तर, तो पुढे गेला की मला बरं वाटायचं. ताईंनी एकदाच आग्रह केला. कुलसचिवांच्या केबिनबाहेर उभे होतो, त्या म्हणाल्या, "तू लिवलायस, तूच वाचून दाखव." मी नुसती नकारार्थी मान हलवली. त्यांनी कागद काढून घेतला आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. तुला मी तुझ्या पीएचडीच्या व्हायवाला ऐकीन. तिथं काय तुला दुसऱ्याच्या मागं लपता यायचं न्हाई." माझं नाव मैत्रेयी, त्या मैतू म्हणायच्या. मी त्यांना अहो-जाहो करायचे. "ताईला कुनी अहो म्हनतं का गं? 'तू' म्हन," असं त्या किती वेळा म्हणाल्या. माझ्यानं ते कधी झालं नाही.

त्या मोशीच्या जुन्या शेतकरी घरातल्या, शेत मात्र केव्हाच विकलं गेलेलं. विद्यापीठात इतकी वर्षं काढूनही भाषा तीच, कुलगुरूंसमोरही 'व्हय' आणि 'न्हाई'. त्यांचा पीएचडीचा विषय होता शेतांची नावं. मोशीपासून चाकणपर्यंत जिथे आता कंपन्यांच्या शेड आहेत, गोदामं आहेत, बारा-बारा मजल्यांच्या सोसायट्या आहेत, तिथल्या प्रत्येक तुकड्याला पूर्वी नाव होतं. ती नावं सातबाऱ्यावर नसतात, नुसती माणसांच्या तोंडात असतात, आणि माणसं म्हातारी होत चाललेली. ताई ती गोळा करत होत्या, कधीपासून ते त्यांनाच ठाऊक. सचिन हा संघटनेचा अध्यक्ष, लातूरकडचा, अर्थशास्त्राचा, जिभेला हाड नसलेला. तो त्यांना चिडवायचा, "ताई, तुमचा थिसिस जमा होईस्तोवर चाकणला विमानतळ होतंय बघा." ताई शांतपणे म्हणायच्या, "आन झालं तर त्याच्याखाली गेल्याल्या वावरांची नावं कोन लिवनार? त्याच्यासाठीच तर थांबलीय."

मी त्यांच्या स्कूटरवर मागे बसून बरेचदा फिरले. नाशिक रस्त्यावर ट्रकांच्या मधून त्या अशी गाडी काढायच्या की मी डोळे मिटून घ्यायचे, आणि त्या पुढून ओरडून सांगायच्या, "हे कंटेनरचं यार्ड हाय का, ही बाभळीची पट्टी. तो पंप दिसतो, ते थोरलं वावर. आन ती पत्र्याची शेड, ती जिजीचा मळा. जिजी कोन ते कुनालाच म्हाईत न्हाई." मिटल्या डोळ्यांनी ऐकताना वाटायचं, बाहेर खरंच बाभळी आहेत. मोशी यायच्या अलीकडे एक सोसायटी लागते, उंच दगडी कमान, कमानीवर सोनेरी अक्षरं, आत कारंजं. तिथून जाताना मात्र त्या काही सांगायच्या नाहीत. गाडीचा वेग तोच असायचा, मान सरळ असायची, नुसता आवाज बंद व्हायचा. पुढचा चौक आला की परत सुरू. मला हे पहिल्या एक-दोन फेऱ्यांतच लक्षात आलं होतं. लक्षात येतं, पण विचारत नाही, असा माझा स्वभाव. माझ्या गप्प राहण्याला त्या मान द्यायच्या, मी त्यांच्या.

संघटना म्हटली की लोकांना घोषणा आणि निवडणुका आठवतात. ताईंची पद्धत वेगळी होती. विद्यापीठाचं ग्रंथालय संध्याकाळी लवकर बंद व्हायचं. आमच्यातले निम्मे जण कंपनीत, शाळेत कुठे ना कुठे नोकरी करणारे, पहिली शिफ्ट संपवून भोसरीहून, चाकणहून यायचे तर दाराला कुलूप. अर्ज देऊन झाले, ते मीच लिहिले होते. मग एका संध्याकाळी ताईंनी सगळ्यांना ग्रंथालयाबाहेरच्या व्हरांड्यात पुस्तकं घेऊन बसवलं. फलक नाही, घोषणा नाही. नुसतं वाचायचं. कुलसचिव घरी निघाले होते, ते थबकले. "मॅडम, हे काय चालवलंय या वयात?" ताई पुस्तकातून बोट न काढता म्हणाल्या, "साहेब, वय झालंय म्हनून तर घाई हाय. आमी भांडाय न्हाई आलो, वाचाय आलोय. तुमी दार उघडलं तर आत वाचू, न्हाई तर हितं वाचतो." साहेबांना हसू आवरलं नाही. आठवडाभर आम्ही तिथे बसलो, डासांनी फोडून काढलं, आणि नंतर दार उघडं राहायला लागलं. 'वय झालंय म्हणून तर घाई आहे' हे वाक्य तेव्हा आम्ही सगळे एकमेकांना नक्कल करून दाखवायचो. आता कुणी करत नाही.

पण मला लिहायचं आहे ते प्रश्नाबद्दल. पीएचडीची तोंडी परीक्षा, जिला सगळे व्हायवा म्हणतात, ती खुली असते. उमेदवार आपलं काम मांडतो, बाहेरच्या विद्यापीठातून आलेले परीक्षक विचारायचं ते विचारतात, आणि शेवटी परीक्षेचे अध्यक्ष सभागृहाकडे बघून म्हणतात, श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचं आहे का? बहुतेक ठिकाणी कुणालाच नसतं. मी विद्यापीठात यायच्या आधी एका मुलाच्या व्हायवाला ताई गेल्या होत्या. समोर चारदोन माणसं, त्यातला एक पेंगत होता. अध्यक्षांनी विचारलं आणि हॉलमध्ये नुसता पंख्याचा आवाज. तो मुलगा हात बांधून उभा होता. त्याला पदवी मिळाली, पेढे वाटले, पण ताईंना ती शांतता विसरता आली नाही. मला त्या सांगायच्या, "इतकी वर्सं राबला गं त्यो. आन कुनाला एक काय इचारावंसं वाटलं न्हाई."

तेव्हापासून संघटनेत रिवाज पडला. सदस्य कुठल्याही विषयाचा असो, त्याच्या व्हायवाला श्रोत्यांतून एक प्रश्न यायचाच, आणि तो ताईच विचारायच्या. त्याचे नियम त्यांनीच ठरवलेले. प्रश्न अडवणारा नको. ज्याचं उत्तर थिसिसमध्ये छापलंय असाही नको. ज्यानं ते काम स्वतःच्या पायांनी केलंय त्यालाच सांगता येईल, दुसऱ्या कुणाला नाही, असा पाहिजे. आणि शेवटचा नियम, प्रश्न विचारून झाला की गप्प बसायचं. समोरचा कितीही वेळ घेवो, मध्ये बोलायचं नाही. असा प्रश्न बसल्या जागी सुचत नाही, म्हणून त्या आधी त्या माणसाचं काम बघून यायच्या. सचिननं काळेवाडीतल्या भाड्याच्या खोल्यांवर काम केलं होतं, बाहेरगावाहून कंपनीत आलेली मुलं एकेका खोलीत किती राहतात, भाडं कसं ठरतं, असं सगळं. परीक्षकांचे आकड्यांचे प्रश्न त्यानं फडाफडा परतवले. मग शेवटच्या रांगेतून ताई उठल्या. "मला येवडंच सांग, त्या सगळ्या खोल्यांतली कुठली खोली तू स्वतः घेतली असतीस?" कधी न थांबणारा सचिन थांबला. मग त्यानं एका जिन्याखालच्या खोलीबद्दल सांगायला सुरुवात केली, जिला खिडकी नव्हती पण जिच्या भिंतीपलीकडे कुणीतरी रोज सकाळी रेडिओ लावायचं. परीक्षक लिहायचं सोडून ऐकत होते. नंतर सचिन म्हणाला, "राव, डॉक्टर झाल्यासारखं मला तेव्हा वाटलं. सही नंतर झाली."

त्या प्रश्नाला एक आवाज होता. सेमिनार हॉलमध्ये शेवटच्या रांगेत, दाराजवळ, एक लोखंडी खुर्ची आहे. तिच्या एका पायाचं रबराचं बूच नेहमी गायब असायचं. ताई तीच खुर्ची धरायच्या. उठताना ती मागे सरकवली की फरशीवर असा करकरीत ओरखडा उठायचा की पेंगणारे जागे व्हायचे. हॉलचे कदममामा वैतागायचे. नवीन बूच बसवायचे, पुढच्या व्हायवापर्यंत ते नाहीसं. एकदा मी शेजारी बसले होते. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी ताई चप्पल नीट करतेय असं दाखवून वाकल्या, बूच काढलं आणि पर्समध्ये टाकलं. मी बघितलं हे त्यांनी बघितलं. कानाशी येऊन म्हणाल्या, "पुढं उभ्या ऱ्हायल्यालाला घाबरून मान वर करता येत न्हाई. आवाज झाला की त्याला कळतं, आपलं मानूस आलंय." आणि मग, "मामाला सांगू नको. त्याला वाटतंय उंदीर नेत्यात."

माझं काम आवाजावरचं आहे. प्रेस शॉपमध्ये, म्हणजे जिथे पत्र्याला ठोकून भाग काढतात अशा छोट्या कारखान्यांत, दिवसभर किती आवाज असतो आणि तिथल्या माणसांच्या कानांवर त्याचा काय परिणाम होतो, हे मी मोजत होते. गप्प बसणारीनं आवाज मोजावा यावर सचिनचे विनोद संपत नसत. शेवटच्या मोजणीला मी चाकणजवळच्या एका कारखान्यात जाणार होते, ताई म्हणाल्या, "मीबी येते. तुझा प्रश्न शोधायचाय." मी आत शेडमध्ये तिपाईवर यंत्र लावून उभी होते. ताईंना मी कानात घालायचे बोळे दिले होते, त्यांनी थोडा वेळ घातले, मग काढून हातात धरले. प्रत्येक ठोक्याला त्यांच्या पापण्या लवत होत्या. नंतर त्या बाहेर गेल्या. मी काचेतून बघत होते. त्या गेटच्या रखवालदाराशी काही बोलल्या. कंपाउंडच्या भिंतीजवळ गेल्या, हाताचा पंजा भिंतीला लावून उभ्या राहिल्या. मग कडुनिंबाखाली जाऊन शेडकडे तोंड करून नुसत्या बघत राहिल्या. जेवणाची सुट्टी झाली, मशिनं थांबली, कामगार डबे घेऊन बाहेर आले आणि ताई त्यांच्यात जाऊन बसल्या. कुणाच्या तरी डब्यातली मिरची त्यांनी घेतली एवढं मला दिसलं. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही.

परतताना स्कूटरवर त्या नेहमीपेक्षा शांत होत्या. मी म्हटलं, रखवालदाराला काय विचारलंत? "हितं आधी काय व्हतं म्हणून इचारलं. म्हनतो कसा, पता नहीं मॅडम, मैं तो नया हूँ. त्याचं काय चुकलं? समदेच नये." मग मोशीच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मान मागे न वळवता म्हणाल्या, "मैतू, घावला तुझा प्रश्न."

"काय?"

"आता सांगितला तर काय मजा? व्हायवाला इचारीन. लई सोपा हाय. पन तुलाच येईल."

सिग्नल सुटला. त्या कमानीपाशी नेहमीसारख्या गप्प झाल्या. मला निगडीच्या रस्त्याला सोडताना हेल्मेटची काच वर करून त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, हसल्या, गेल्या. माझी त्यांची ती शेवटची भेट.

माझ्या व्हायवाची तारीख त्या गेल्यानंतर आली. संघटनेच्या खोलीत आम्ही बसलो होतो, त्यांच्या जागेवर कुणी बसलं नव्हतं. सचिन म्हणाला, "प्रश्न कोण विचारणार?" मग तोच म्हणाला, "मी विचारतो." जरा वेळानं, "नको. तो त्यांचा आहे. आपण कसा विचारणार?" विषय तिथेच राहिला. मी मात्र तो प्रश्न शोधत होते. स्लाइड तयार करताना, बसमध्ये, आंघोळ करताना. त्यांनी बोळे कानातून का काढले होते, भिंतीला हात लावून काय बघत होत्या, डबा खाणाऱ्यांनी त्यांना काय सांगितलं. एका दुपारी मी परत त्या कारखान्यात गेले. आत नाही गेले. भिंतीला बाहेरून हात लावला. प्रत्येक ठोका तळहाताला जाणवत होता, मग दगडाच्या आत कुठेतरी विरत होता. कडुनिंबाखाली उभी राहिले. रखवालदार तोच होता. त्यानं विचारलं, "वो दूसरी मॅडम नहीं आयी?" मी काय म्हणाले ते मला आठवत नाही. परत येताना रिक्षातून मला सगळीकडे ती नावं दिसत होती, बाभळीची पट्टी, थोरलं वावर, जिजीचा मळा... सांगणारा आवाज मात्र नव्हता.

व्हायवाच्या दिवशी मी लवकर गेले. हॉलमध्ये कदममामा खुर्च्या पुसत होते. शेवटच्या रांगेतल्या खुर्चीपाशी जाऊन म्हणाले, "हे बघा मॅडम, आता बूच राहिलंय जाग्यावर. उंदीर गेले वाटतं." ते पाण्याचा जग आणायला खाली गेले तेव्हा मी वाकून ते बूच काढलं. का काढलं हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. ते मुठीत धरूनच मी पुढे जाऊन उभी राहिले.

माझं सादरीकरण बरं झालं असं नंतर सगळे म्हणाले. परीक्षक कोल्हापूरकडचे, वयस्क, मृदू बोलणारे. त्यांचे प्रश्न कठीण होते पण माझ्या तयारीतले होते. मी स्क्रीनकडे बघून उत्तरं दिली. मग अध्यक्ष मॅडम सभागृहाकडे वळून म्हणाल्या, "श्रोत्यांपैकी कुणाला काही विचारायचं असेल तर..." आणि हॉलमधल्या सगळ्या माना एकदम मागे वळल्या. कुणी ठरवलं नव्हतं. सचिनची, ग्रंथालयाच्या बाईंची, माझ्या गाइडची, दारात उभ्या असलेल्या कदममामांची. इतक्या वर्षांच्या सवयीनं सगळे त्या दाराजवळच्या खुर्चीकडे बघत होते. खुर्ची रिकामी होती. तिच्यावर कुणी पिशवीसुद्धा ठेवली नव्हती. मला ओरखड्याचा आवाज येईल असं वाटलं, म्हणजे वाटलं असं नाही, मी खरोखर वाट बघत होते. पंखा फिरत होता.

परीक्षकांनीही मागे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "कुणी यायचंय का?"

"हो," माझ्या तोंडून गेलं. मग, "म्हणजे... नाही, सर. यायचं होतं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. आणि मी बोलायला लागले. मराठीत. एक प्रश्न यायचा होता, तो मला माहीत नाही, असं सांगितलं. त्या कारखान्यातला दिवस सांगितला, भिंतीवरचा हात सांगितला. म्हणाले, कदाचित त्यांनी विचारलं असतं, इथे शेड व्हायच्या आधी कसला आवाज होता. ते मी मोजलेलं नाही, मोजता येणारही नाही. पण त्या सोपा प्रश्न आहे म्हणाल्या होत्या, मला येईल असा, म्हणजे तो हा नव्हे. कदाचित विचारलं असतं, दिवसभर मोजून घरी गेल्यावर तुझ्या कानात काय राहायचं. त्याचं उत्तर मला येतं. घरी गेल्यावर ठोके राहायचे नाहीत, मशिनं थांबायची त्या क्षणाची शांतता राहायची. त्या शांततेत माणसं तशीच ओरडून बोलत राहायची, कारण त्यांना ती ऐकूच यायची नाही. हे मी कुठे लिहिलेलं नाही. हे सांगताना मला कळलं की कदाचित हाच तो प्रश्न होता, आणि त्याच वेळी हेही कळलं की ते आता कधीच नक्की कळणार नाही. मी किती वेळ बोलले कोण जाणे. थांबले तेव्हा परीक्षक म्हणाले, "पाणी घ्या."

निकाल जाहीर झाला, टाळ्या झाल्या, आईनं डोळे पुसले. सचिन पेढ्याचा बॉक्स पुढे करून म्हणाला, "डॉक्टर मॅडम, तुम्हाला बोलता येतं हे आधी सांगायचं की! आम्ही उगीच ओरडत बसलो." सगळे हसले. त्याचे डोळे लाल होते. सगळे खाली चहाला गेले, मी फाइल राहिली म्हणून वर आले. कदममामा कुलूप घेऊन उभे होते. मी म्हटलं, मामा, जरा थांबता? ते काही न विचारता व्हरांड्यात गेले.

मी शेवटच्या रांगेत जाऊन त्या खुर्चीवर बसले. तिथून मी कधी नीट पुढे बघितलं नव्हतं, शेजारी बसले होते तेव्हाही लक्ष ताईंकडेच होतं. व्यासपीठाच्या मागे मोठी खिडकी आहे, दुपारचं ऊन तिच्यातून सरळ डोळ्यांवर येतं. पुढे उभ्या माणसाचा चेहरा तिथून दिसतच नसणार, दिसत असेल तो फक्त काळसर आकार. म्हणजे इतकी वर्षं ताईंना आम्ही असेच दिसत होतो, चेहरा नसलेले, हात बांधून उभे. त्यांचा स्वतःचा थिसिस अर्धा राहिला. त्यांच्यासाठी हा हॉल कधी भरला नाही. मी डोळे बारीक करून त्या उजेडाकडे बघत राहिले. उजेडात धुळीचे कण फिरत होते, आणि फार वेळ बघितलं की तिथे कुणीतरी उभं असल्यासारखं वाटतं. डोक्यावर पदर, मान सरळ. कमानीपाशी असायची तशी.

मुठीतलं बूच घामानं ओलं झालं होतं. मी उठले आणि खुर्ची मागे सरकवली. ओरखडा रिकाम्या हॉलमध्ये फार मोठा वाजला. व्हरांड्यात कदममामांची पावलं थांबली.

"ताई," मी म्हटलं, "तुझ्या शेताचं नाव काय होतं?"

आणि नियमाप्रमाणे गप्प बसले.